सुटणारा डावा हात

आमच्या शाळेला बेसबॉलचं सामान दिलं ते दूध संघाने, बरी वर्षं होती तेव्हा. पुढे पावसाने पाठ फिरवली, जनावरं छावणीत गेली, संघाच्या दाराला कुलूप लागलं. आमच्याकडे उरली एक ॲल्युमिनियमची बॅट, एक हेल्मेट आणि शिवण उसवलेले चेंडू. हेल्मेट सगळ्यांच्या डोक्यावर फिरायचं. त्याचा आंबूस वास मी आजही ओळखेन. प्यायचं पाणी टँकरने येत होतं, तिथे हेल्मेट कोण धुणार?

मैदान म्हणजे गावचा पाझर तलाव, कोरडा ठणठणीत. भेगेवर पडलेला चेंडू कुठेही उडायचा आणि नाकावर बसला की सर म्हणायचे, "नजर चेंडूवर ठेव म्हणलं होतं का न्हाई?" सर पाटोद्याकडचे, एका शिबिरात हा खेळ शिकून आलेले. बॅट एका हाताने समोर आडवी धरा, हात थरथरला तर बॅट जड समजा, असं ते सांगत. आमचे सगळ्यांचेच हात थरथरायचे. दुसरी बॅट नव्हतीच, म्हणून मूठ जरा वर धरा, हा त्यांचा उपाय. आटलेल्या विहिरीवरच्या मोटारीचा पाइप त्यांनी कमरेएवढा वर राहील असा जमिनीत उभा पुरला होता. त्याच्या तोंडावर चेंडू ठेवून आम्ही टोले हाणायचो. मनगटाने नको, कंबर फिरवून मारा, हे त्यांचं पालुपद.

माझा घोळ डाव्या हाताचा होता. दरवर्षी दसरा झाला की आम्ही ऊसतोडीला जायचो. तोडताना डाव्या हाताने ऊस धरायचा आणि उजव्याने कोयता बुडख्यात घालायचा. त्यामुळे बॅट फिरवताना ऐन वेळी माझा डावा हात मूठ सोडून पुढे जायचा, चेंडूला धरायला. शहरातली कुठली पोरगी अशी चूक करेल? आमच्या संघात ही खोड दोघींना होती, मला आणि शेजारच्या वाडीवरून येणाऱ्या माझ्या मैत्रिणीला. सरांनी वेणीच्या रिबिनीने आमची मनगटं बांधायला सांगितली. आम्ही एकमेकींची मनगटं बांधायचो, पाइपवर चेंडू ठेवून द्यायचो, हात सुटला की मनसोक्त शिव्या घालायचो. ती माझ्यापेक्षा जोरात मारायची. हे मी तेव्हाही कबूल करायचे.

त्या वर्षी जिल्ह्याच्या संघाची निवड बीडला होती. वडिलांनी आधीच सांगून टाकलं होतं, "निवड झाली तर ऱ्हा वसतिगृहात, शीक. न्हाई झाली तर थोरल्यासंगं चल." आमच्याकडे कोयता म्हणजे दोन माणसांची जोडी, एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या. आईवडिलांचा एक कोयता, थोरला भाऊ आणि मी दुसरा. मला शाळा हवी होती. बेसबॉल काय, कुणी विटीदांडू सांगितला असता तरी मी जीव तोडून खेळले असते.

बीडला मैत्रीण माझ्या आधी उभी राहिली. पहिल्याच चेंडूला तिचा डावा हात सुटला, पुढच्यालाही. मग बॅटच निसटून लांब जाऊन पडली आणि निवड करणारे गृहस्थ हसले. त्यांचा मला अजून राग आहे. माझा हात मात्र जागेवर राहिला. का राहिला, देव जाणे. चेंडू लांब गेला आणि मी संघात आले. परतीच्या एसटीत तिने मला खिडकीची जागा दिली.

वडील शब्दाला जागले. "पोरगी ऱ्हाईल," ते आईला म्हणाले, "पर थोरल्याचा कोयता आर्धा ऱ्हायला, त्याचं काय? मुकादम आर्धा कोयता घेत न्हाई."

चार दिवसांत भावाचं लग्न ठरलं. मुलगी शेजारच्या वाडीची, बीडला निवड न झालेली, घरचे यंदा तोडीलाच नेणार होते ती.

"ती माझ्या वर्गात हाय," मी ओरडले.

"मग तर लई बरं," वडील म्हणाले, "वळखीची हाय."

मी रडले, जेवले नाही. मीच येते तोडीला, शाळा नको, असंही म्हणाले. आई म्हणाली, "आता दोन्हीकडून बोलणं झालंय. गप ऱ्हा."

दसऱ्यानंतर ट्रक आला. भांडीकुंडी, सरपण, शेळी, आणि त्यात हळदीच्या अंगाने बसलेली ती. मी तिला नावाने हाक मारणार तेवढ्यात वर चढता चढता आईने दटावलं, "नाव घिऊ नगं आता तिचं. वयनी म्हन."

ट्रक हलला.

"वयनी, नीट जा!" मी ओरडले.

ती मान वळवून आजूबाजूच्या बायकांकडे बघू लागली. मी कुणाला हाक मारतेय, ते तिला कळलंच नाही.