आधी तू पे

"ए बाई, आधी तू पे."

कारंज्याहून वाशिमला जाणारी मोटार धर्मशाळेपाशी थांबली होती. मुलखात हैजा, पटकीची साथ. आम्ही मायलेक मागच्या फळीवर. पुढच्यांनी कापराच्या पुरचुंड्या नाकाशी धरलेल्या, तोंड आमच्याकडे वळलं की जास्तच घट्ट. हैजा जणू आमच्याच अंगावरून उडणार होता.

सरकारी माणसं सकाळीच धर्मशाळेच्या विहिरीत लाल दवा टाकून गेली होती. पाणी गुलाबी. तहानेनं जीव चाललेला, पण प्यायला कोणी धजेना. म्हणे, सरकारनं विष कालवलं. तेव्हा पुढच्या फळीवरच्या देशमुखांना माझी आई दिसली. त्यांच्या गड्यानं पोहरा काढला.

"तुले काई झालं नाई, त मंग आमी पिऊ," देशमुख तिला म्हणाले.

"मेली त मोटारीत जागा व्हईन," दुसरा म्हणाला. सगळे हसले.

याच विहिरीपासून लांब, रिकामं मडकं घेऊन, कोणी ओतेल म्हणून आईनं बालपण काढलं होतं. आमच्या जातीला पायरी चढायची बंदी. आणि आता ती ओंजळ करून बसली. मी तिचा हात धरला.

"पेऊ दे रे बाबू. या हिरीचं पानी बलावून कोनी देल्लं व्हतं आपल्याले?"

तिला तो मान वाटला. तिथं माझं डोकं फिरलं.

मी नुकताच बी.ए. झालो होतो. आमच्या घराण्यात पहिला. ती दवा आमच्या वसतिगृहाच्या विहिरीतही टाकत. पाण्याला मी भ्यालो नव्हतोच.

"आई, हात खाली कर."

मी पायरी चढलो. मी जवळ येताच गड्यानं दोर सोडला. पोहरा मी ओढला. आईचा तांब्या काठोकाठ भरला.

"बाटवली! हीर बाटवली!"

"चाखाले चालतो, भराले चालत नाई?" मी विचारलं.

देशमुखांनी काठी उगारली. मारली नाही. काठी मला शिवली असती ना!

मोटारवाल्यानं आमचं गाठोडं खाली फेकलं. बाकीचे पाणी प्यायला नाल्याकडे निघाले. तिथं आजाऱ्यांची कापडं धुतात, मी ओरडून सांगितलं. मागं कोणी पाहिलं नाही. हैज्यापेक्षा त्यांना माझा हात भारी.

आईनं तांब्याला तोंड लावलं.

"तुरट हाये रे," म्हणाली, आणि पुन्हा प्याली.

तेव्हापासून मी कोणापुढं ओंजळ केली नाही. करणार नाही. जिथं पाणी असेल, तिथं दोर मीच ओढीन. बाटत असेल, तर बाटू दे.