धुळ्याच्या जिनापुढचा ओला कापूस

पुण्याहून निघताना बायकोने बजावले होते, थंडीत खानदेशात कापसाचे दिवस, काळा कोट नेऊ नका. ऐकतो कोण! जळगाव स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांतून वाट काढत धुळ्याच्या मोटारीपर्यंत पोचलो, तोवर कोट पांढरा झाला होता.

पारोळ्याला किल्ल्याजवळ मोटार रुसून बसली. एका घरी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली) आणि वांग्याचे भरीत मिळाले. तिखटाने डोळ्यांतून धारा लागल्या, तरी दुसऱ्यांदा वाढून घेतले. घरच्या अक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या.

धुळ्यात माझा शाळासोबती सुकदेव याचे लहानसे जिन आहे, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करण्याचा कारखाना. त्याचा चेहरा पार उतरलेला. आफ्रिकेची रुई मुंबई बंदरात बिनजकात उतरत होती. लांब धाग्याची, कोरडी, स्वच्छ. आपला धागा आखूड, त्याला इलाज नाही, पण पाणी तर आपणच घालतो ना, असे तो चिडून म्हणाला. वजन वाढावे म्हणून गाडी भरताना कापसावर पाणी शिंपडायची इकडे जुनी चाल. तो ओलावा रुईच्या दाबलेल्या गाठीत राहतो आणि रुई पिवळी पडते. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या गिरणीचा दलाल यायचा होता. माल त्याच्या मनास आला नाही तर जिनाला टाळे लागणार होते. म्हणून सुकदेवने दवंडी पिटवली होती, की ओली गाडी फाटकाच्या आत येणार नाही.

सकाळी तो स्वतः फाटकावर उभा राहून प्रत्येक गाडीत खांद्यापर्यंत हात घालून पाहत होता. एका गाडीत घातलेला हात तसाच राहिला. गाडी त्याच्या थोरल्या भावाची, नानांची होती.

"तुन्हासाठेच टाकं पाणी," नाना म्हणाले. "तुन्हाच मालनं वजन वाढी ना."

काय बोलावे या मायेला! मला हसू येत होते, पण सुकदेवकडे पाहून ते आवरले. तो वाकून नानांच्या पाया पडला.

"नाना, गाडी मागे ल्या."

फाटकाबाहेरच गोणपाट अंथरून नानांनी कापूस उन्हात पसरला. नेमका तेव्हाच दलाल टांग्यातून उतरला आणि हा ओला माल कुणाचा, असे त्याने विचारले.

"माझ्या भावाचा," सुकदेव म्हणाला. "आत घेतला नाही."

दलालाने आत जाऊन गाठ फोडली, रुईची बट दोन्ही अंगठ्यांत ओढून धाग्याची लांबी पाहिली. तलम कापडाला ही चालायची नाही, म्हणाला. जाड्याभरड्याला घेईन, तीही या फाटकाच्या भरवशावर. अर्ध्या हंगामाचे काम मिळाले. निम्मी यंत्रे बंदच राहणार होती.

दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा नाना हातांनी कापूस खालवर करत होते. मला थांबवून म्हणाले, "भाऊ, हात लाई देखा. आते कोल्ला शे ना?" मी कोपरापर्यंत उजवा हात घातला. कोरडा होता, उन्हाने उबदार झालेला. तसे सांगितले, तरी नाना फाटकाकडेच पाहत राहिले. शेवटी सुकदेव बाहेर आला, भावाशेजारी बसला आणि त्याने हात घातला.

आफ्रिकेच्या बोटी अडवणे सुकदेवच्या हाती नव्हते. भावाची गाडी अडवणे होते, आणि ते त्याला किती जड गेले हे मी पाहिले होते. घरी येताच बायको कोट झाडायला बसली. उजव्या बाहीवरचा कापूस मात्र मी तिला झाडू दिला नाही.