लोहाऱ्याच्या रस्त्यावरची दुसरी गाडी

माझ्या स्कूटीला लिंबू-मिरची नाही, स्टुडिओच्या दारात काळी बाहुली नाही आणि अमावस्येला मी खुशाल प्रवास करते. त्यामुळे पुढचं वाचून कोणी मला अंगारा पाठवू नये. मी फोटोग्राफर आहे. लेन्ससमोर जे असतं ते येतं, नसतं ते येत नाही... निदान त्या रविवारपर्यंत मी असंच समजत होते. आणि "एडिट केला असेल" म्हणणाऱ्यांनी इथेच थांबावं. तुमच्याशी भांडून मी थकले आहे.

यवतमाळात आमचा लग्नाचे फोटो काढायचा जुना स्टुडिओ. बाबांचे गुडघे गेले तशी मी उभी राहिले. कापसाची ती वाईट वर्षं होती. गावोगावची लग्नं पुढे ढकलली जात होती आणि ऐन सीझनमध्ये मी काउंटरवर बसून पासपोर्ट फोटो कापत होते. अशात एक दिवस संतोष आला. संतोष म्हणजे माझ्या भावाचा वर्गमित्र. लोहाऱ्याला त्याचं गॅरेज, माझी स्कूटीही त्याच्याच हातातली.

"वैशाली, रविवारी एमआयडीसीत ड्रॅग रेस आहे. फोटो काढतं का?"

मी लगेच हो म्हटलं. तोवर नवरदेवाच्या घोडीपेक्षा जोरात पळणाऱ्या कशाचाही फोटो मी काढला नव्हता.

ड्रॅग रेस म्हणजे काही भानगड नाही... सरळ रस्ता, गाडी सुसाट सोडायची, कमी वेळात पोचेल तो पहिला. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतला आतला सरळ रस्ता रविवारी मोकळाच असायचा. एका बाजूला कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग मिलची लांब भिंत. दुसऱ्या बाजूला, म्हणजे माझ्या पाठीशी, तारेचं कुंपण आणि त्यापलीकडे उभी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक. दुपारचे चार, हिवाळ्याचं स्वच्छ ऊन, तेही पाठीमागून. हे सगळं नीट लक्षात ठेवा, कारण पुढे शंका तुम्हीच काढणार आहात.

आयोजक बाईक क्लबची पोरं. त्यांना इंजिनातलं सगळं कळायचं, पण वेळ घ्यायची कोणालाच सवय नव्हती. म्हणून त्यांनी राळेगावकडून शंकरपटाचे दोन घड्याळवाले आणले होते. शंकरपट, म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. तिथे बऱ्याचदा जोडी एकटीच पळते, घड्याळाशी. झालं, गाड्याही तशाच एकेक करून सोडायचं ठरलं. दोघांतले म्हातारे नानाजी. बटन दाबलं की त्यांचा दुसरा हात आपोआप वर जायचा, घड्याळ थांबलं हे सगळ्यांना कळावं म्हणून. त्यांनी नियमही पटाचाच लावला. दोन घड्याळं जुळली नाहीत तर फोटो पाहायचा. फोटो नसला तर कमी वेळ धरायचा, म्हणजे फायदा पळणाऱ्याचा.

पुण्याच्या एका रेसिंग टीमचा माणूस खुर्ची टाकून बसला होता. पहिला येईल त्या एकालाच तो ट्रायलला नेणार होता. संतोषनं त्यासाठी वर्षभर एक जुनी गाडी स्वतःच्या हातानं बांधली होती. त्या दिवशी तो सकाळपासून जेवलाही नव्हता.

सुरुवातीला माझी फजितीच झाली. शटर इतकं फास्ट ठेवलं होतं की प्रत्येक गाडी उभी केल्यासारखी दिसे. क्लबचा सेक्रेटरी स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाला, "मॅडम, हे शोरूमचे फोटो आहेत का?" पोरं हसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मी शिकले. शटर स्लो करायचं, आणि गाडीबरोबर कमरेतून कॅमेरा फिरवायचा, म्हणजे पॅन करायचं. ज्याच्याबरोबर आपण फिरतो ते शार्प येतं, बाकी सगळं पुसट होतं. पाच-सहा गाड्यांनंतर थोडं जमायला लागलं.

मग संतोष सुटला. मी व्ह्यूफाइंडरमध्ये गाडी धरली, तिच्याबरोबर वळले आणि शेवटच्या रेषेवर क्लिक केलं. गाडी बरोब्बर मध्यभागी होती. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

संतोष लांब जाऊन वळून आला. हेल्मेट काढलं आणि पहिलं वाक्य... "माह्या बाजूनं कोन सोडला बे?"

"कोनी नाही. तू एकटाच होता ना," क्लबचा एक पोरगा म्हणाला.

"काहून मस्करी करून राह्यले? उजव्या हाताले होता. शेवटपर्यंत पुढं."

पोरांना वाटलं, उपाशीपोटी चक्कर आली असेल. तेवढ्यात घड्याळांवरून वाद सुरू झाला. नानाजींच्या घड्याळात वेळ कमी, म्हणजे संतोष पहिला. दुसऱ्याच्या घड्याळात जास्त, म्हणजे दुसरा. नानाजी हटायला तयार नव्हते. "माह्या समोरून चाक गेलं, मी बटन दाबलं. जिंदगी गेली माही यात."

म्हणून माझा फोटो आला मध्ये. मी स्क्रीनवर उघडला आणि मोठा केला.

संतोष फ्रेमच्या डाव्या कडेला, अर्धा कापलेला, थोडा हललेला. रेषेपासून अख्खी एक गाडी मागे. नानाजींचा हात मात्र वर गेलेला. मध्यभागी रिकामा रस्ता, आणि त्यावर सावली... वाकून बसलेला माणूस, हँडल, दोन चाकं. सुईसारखी शार्प. पुढचं चाक चुन्याच्या रेषेवर. आणि ती पाडणारं वर काहीही नाही.

सेक्रेटरीनंही पाहिलं. त्यानं मला बाजूला घेतलं. "मॅडम, तुम्ही नवीन आहात. फोटो हुकला म्हना, डिलीट मारा. कोनी काही बोलनार नाही. संतोषचं बी भलं होईल."

खोटं कशाला सांगू, बोट डिलीटवर गेलं होतं. समोर संतोष हेल्मेट छातीशी धरून उभा होता. त्याला फोटोत काय आहे ते माहीत नव्हतं. तो फक्त माझ्याकडे पाहत होता आणि मला त्याच्यासाठी ते करायचं होतं. पण ते "हुकला म्हना" माझ्या कानात बसलं. दिवसभर हसले माझ्यावर, आणि आता आयुष्यातला पहिला धड पॅन केलेला फोटो मीच पुसून वर नवशिकी म्हणवून घेऊ? सत्य वगैरे मला नंतर सुचलं. आधी नुसता राग आला. मी सरळ जाऊन कॅमेरा नानाजींच्या हातात दिला.

नानाजींनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत लावला. खूप वेळ पाहिलं. "हात माहाच हाय," म्हणाले. "अन् चाकाची सावली रेषेवर हाय. म्हंजे मी चुकलो नाही. पन हे चाक संतोषचं नोहे." बस्. दुसऱ्या घड्याळाची वेळ लिहिली गेली. संतोष दुसरा. पुण्याचा माणूस दुसऱ्याच पोराला घेऊन गेला.

तुमच्या शंका मला पाठ आहेत. खांबाची सावली? खांबाला चाकं नसतात, आणि उभ्या वस्तूची सावली पॅनिंगमध्ये फरफटते. माझ्या मागून कोणी गेला असेल? मागे कुंपण आणि पऱ्हाटी, तिथून शेळीसुद्धा पळाली नसती. कॅमेऱ्याचा दोष? मग आधीच्या आणि नंतरच्या एकाही फोटोत तो का नाही? नागपूरच्या एका तज्ज्ञानं फाईल तासभर पाहिली आणि शेवटी मला विचारलं की तुमच्या घराण्यात कोणाला काही होतं का. उंटावरचे शहाणे सगळे.

संतोष माझ्याशी सहा महिने बोलला नाही. स्कूटी मी दुसरीकडे न्यायला लागले. त्याचं वाईट मला आजही वाटतं, आणि तरी तो फोटो मी परत दाखवेन. दोन्ही खरं आहे.

मग एक दिवस तो स्टुडिओत आला. "तो फोटो दाखव." मी कॉम्प्युटरवर मोठा करून दिला. घाबरेल, हात जोडेल असं वाटलं होतं. त्यानं स्क्रीनवर बोट ठेवून स्वतःच्या चाकापासून त्या सावलीच्या चाकापर्यंतचं अंतर मोजलं.

"एवढाच पुढं होता?" म्हणाला. "शेवटचा गिअर मी उशिरा टाकला, वैशाली. मी याले हरवलं असतं."

तो कोण होता हे मला माहीत नाही, नानाजींनाही शेवटपर्यंत कळलं नाही. संतोषनं तर ते कधी विचारलंच नाही. त्याला फक्त परत पळायचं होतं. पुढच्या हिवाळ्यात आम्ही चार रविवार त्याच रस्त्यावर गेलो, त्याच वेळेला. तो गाडी मारायचा, मी कॅमेरा फिरवायचे. रेष ओलांडली की तो आधी उजवीकडे पाहायचा, मग माझ्याकडे.

चारही रविवारचे फोटो सुरेख आलेत. प्रत्येकात तो एकटाच आहे.