दिवसाउजेडी लावलेली कडी

नांदुऱ्याला रेल्वेतून उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि माझ्या दोन बॅगांपैकी एकीचं चाक पुणे स्टेशनवरच निखळलं होतं. ती फरफटवत कशीबशी जळगाव जामोदची एसटी गाठली. शेजारच्या बाईंनी मी टेकते न टेकते तोच सुरुवात केली. "कुठच्या तुमी? कोनाकडे चालल्या? लेकीचा पाय कसा मोडला? जावई काय करतेत?" पूर्णा नदीचा पूल येईपर्यंत त्यांना माझं समग्र चरित्र समजलं होतं आणि मला अजून त्यांचं नावही ठाऊक नव्हतं.

माझी मुलगी ऋचा जळगाव जामोदच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. स्कूटरवरून घसरून तिचा पाय मोडला, सहा आठवड्यांचं प्लास्टर घालावं लागलं. जावई सुमेध संग्रामपूरला शिक्षक, सकाळी जातो तो संध्याकाळी येतो. त्यामुळे मी निघाले. त्यांच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि मी एकदाही इकडे फिरकले नव्हते. "यायचं यायचं म्हणता राहून गेलं," असं मी सगळ्यांना सांगत असे. ऋचाने त्यावर कधी काही म्हटलं नाही.

घर एका गल्लीत, आणि गल्लीच्या टोकाला थेट सातपुडा. सकाळी निळा, दुपारी धुरकट, संध्याकाळी इतका जवळ की हात लावावा. पाणी मात्र खारट. पहिला चहा मी तोंडात धरला आणि साखरेऐवजी चुकून मीठ पडलं की काय म्हणून सुमेधकडे पाहिलं. तो हसला. "आई, आमचा खारपाणपट्टा (खाऱ्या पाण्याचा टापू). प्यायला कॅन येतो, मी चुकून नळाचं ठेवलं."

परदेशी जाणारा माणूस सावध असतो. तिथलं सगळं वेगळं असणार हे तो धरूनच चालतो. मी मराठीतून मराठीत आले होते, म्हणून अगदी गाफील होते. 'मले', 'तुले', 'काऊन' (का) हे आठवड्याभरात कानाला सरावलं. 'हाव' म्हणजे हो, हेही समजलं. चुकलं ते भलतंच.

मी एकतीस वर्षं शाळेत ग्रंथपाल होते. 'शांतता राखा' ही पाटी माझ्या टेबलामागे होती आणि ती मुलांपेक्षा माझ्याच अंगात जास्त मुरली. या गल्लीत दारं सकाळी उघडत ती झोपतानाच बंद होत. शेजारच्या नर्मदाबाई, घरची शेती असलेल्या, साठीच्या, हाक न मारता आत येत. सरळ स्वयंपाकघरात जाऊन भांड्यावरचं झाकण उचलत. "भाजीत गूळ? लेकराचा पाय मोडला तं काय तोंडाची चवबी मोडली का?" असं म्हणून घरून ठेचा आणून देत. ठेचा अप्रतिम होता, पण माझी दुपारची झोप खोबऱ्यासारखी किसली जात होती. चौथ्या दिवशी मी एक ते चार आतून कडी लावायला सुरुवात केली. ऋचालाही विश्रांती हवी, असं स्वतःला समजावलं.

"बरं नाही काय?" नर्मदाबाईंनी त्याच संध्याकाळी विचारलं. दुसऱ्या दिवशी समोरचे आजोबा विचारून गेले. तिसऱ्या दिवशी वाण्यानेसुद्धा, "घरी समदं ठीक ना?" लोक किती काळजी करतात, म्हणून मला उलट भरूनच आलं. शहाणपण असं उशिराने सुचतं.

तिसऱ्या आठवड्यात एकदा चार वाजता कडी काढली, तर दारात नर्मदाबाई डबा घेऊन उभ्या.

"तुमच्या इनबाई (विहीणबाई) येऊन गेल्या. वरवट बकालवरून. सुनेसाठी फुनके (वाटलेल्या तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके) आनले होते. पायरीवर बसल्या जराशा, अन् दोनच्या गाडीनं गेल्या."

"अहो, मग कडी का नाही वाजवली त्यांनी?"

"लावेल होती ना." नर्मदाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच बावळट. "इकडं दिवसा कडी लावतेत ते भांडण झाल्यावर. नाहीतं कोनी नको असन तवा. मी म्हनलं त्याइले, वाजवा. नाई म्हने, राहू द्या."

कमलबाई, म्हणजे सुमेधची आई. त्यांचं बौद्ध कुटुंब, दोन एकरांचा स्वतःचा तुकडा, नवरा गेल्यावर तो कसून त्यांनी मुलाला शिकवलं. पुण्याला नोंदणी लग्नात आमची भेट झाली होती, दोन तास. मी त्यांना जेवणाचा आग्रह केला होता आणि घरी या मात्र म्हटलं नव्हतं.

ऋचाने डबा उघडला. फुनके गार झाले होते, तरी मऊ होते. ती एक घास खाऊन थांबली. "आई, त्या बंद दार कधी वाजवत नाहीत. लहानपणी अशा दारांपुढे फार थांबल्यात."

"अगं पण मी झोपले होते! मला काय माहीत?"

"तेच त्यांनाही माहीत नव्हतं ना," ती म्हणाली.

मला राग आला. गैरसमज त्यांचा, आणि गुन्हेगार मी? संध्याकाळभर मी मनातल्या मनात माझाच खटला लढवला. कडी ही निव्वळ सवय होती, खरंच होती. पण मग दोन वर्षं मी आले नाही, तीही सवयच का? तिथे माझी वकिली अडली. मला लाज वाटली, आणि भीतीही. लेक इथली झाली होती. माझ्यामुळे तिच्या घरात फट पडली, तर मी कुठल्या तोंडाने परत जाणार होते?

फोन करून रविवारची वेळ ठरवावी म्हटलं. नर्मदाबाईंनी मोडता घातला. "फोन काऊन करता? फोन केला तं दोन दिस घर सारवत बसतीन. अशाच जा."

दुसऱ्या दिवशी ऋचाला नर्मदाबाईंच्या हवाली करून, कमलबाईंच्याच डब्यात नारळाच्या वड्या भरून एसटीत बसले. वाटेत तुरीची शेतं, कापसाची पांढरी रानं. वरवट बकालला उतरल्यावर पानटपरीवाल्या गृहस्थांना कमलबाईंचं घर विचारलं.

"तुमी कोन लागता त्याइच्या?"

हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "विहीण," मी म्हणाले. शब्द बाहेर यायला जरा वेळ लागला.

"मंग असं म्हना ना! चला," म्हणत टपरी उघडी टाकून ते निघालेच.

घराचं दार सताड उघडं. आत भिंतीशी फळीवर लहानशी बुद्धमूर्ती, खाली घडी घातलेली सतरंजी, आणि माणूस एकही नाही. "वावरात असन. बसा आत," असं सांगून गृहस्थ गेले. मला उंबरा ओलांडवेना. बोलावल्यावाचून आत कसं जायचं? मी पायरीवर बसले. ऊन चढत गेलं, सावली सरकली, तशी मीही सरकले. येणारीजाणारी प्रत्येक बाई विचारत होती, "बाहेर काऊन बसल्या?" तासाभराने डोक्याच्या पदराला कापसाचे धागे चिकटलेल्या कमलबाई आल्या.

"इनबाई! आत नाई बसल्या? दार तं उघडंच होतं."

"तुम्हीही काल पायरीवरून परत गेलात."

"तुमचं बंद होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

"सवय हो. पुण्याला दुपारी दार लावायची सवय. दुसरं काही नव्हतं मनात."

कमलबाई पदराचे धागे काढत राहिल्या. "सवयच असते, इनबाई. माह्या आजीले लोक दारातून, वरून पानी वाढत. तेबी सवयच म्हनत."

मी पिशवीतला डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला. "चुकलं माझं," मी म्हणाले. "कालचं, आणि दोन वर्षांचंही."

त्या आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या-पेला घेऊन आल्या. पेला माझ्यापुढे धरला आणि एकदम थांबल्या. माझ्या पिशवीतून बाटली डोकावत होती. "आज कॅन आला नाई. हे खारं हाय, तुमाले सोसनार नाई. तुमची बाटली प्या, मले काई वाटनार नाई."

त्यांना काही वाटणार नव्हतं हे खरं असावं. मला वाटलं असतं. मी उठून उंबरा ओलांडला, सतरंजी पसरून बसले आणि पेला मागून घेतला. पाणी भयंकर खारट होतं. माझं तोंड पाहून कमलबाई अशा हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली, आणि मग मीही हसले. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी खाऊन चारच्या गाडीला निघाले, तेव्हा म्हटलं, "आता पुण्याला या. केव्हा येता, सांगा."

"सांगाचं काय त्याच्यात? येईन एखाद्या दिशी. फोन-बिन काई करनार नाई."

ऋचाचं प्लास्टर निघालं, ती काठी टेकत दवाखान्यात जाऊ लागली आणि मी परतले. जाताना बॅगेला सुमेधने नवं चाक बसवून दिलं होतं.

पुण्यात आता मी दुपारी फ्लॅटचं दार उघडं ठेवते. पहिल्या दिवशी समोरच्या काकू धावत आल्या, "काही झालं का हो?" दुसऱ्या दिवशी वॉचमन वर आला. एक मांजर रोज येतं. झोप पार उडाली आहे, जिन्यात पाऊल वाजलं की मी उठून बसते. नातेवाईक समजावतात, अगं, एवढ्या लांबून त्या काय अशा येणार आहेत? कदाचित नाहीच येणार. पण आल्याच, तर चार जिने चढून कमलबाईंनी पायरीवर बसायचं नाही.