दवातली कोरडी पुंगळी

गोळी लागल्यावर माणसाला नक्की काय होतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात शाळेपासून ठाण मांडून बसला होता. सिनेमात माणूस छातीवर हात ठेवायचा, सगळ्यांची माफी मागायचा, बहिणीचं लग्न मित्रावर सोपवायचा आणि मगच मरायचा. आमच्या आष्टीला तंबूतला सिनेमा यायचा, तिथे मी हे सारं मन लावून बघत असे. पडद्यावर पिस्तूल निघालं की बाबा मात्र उठून चहाला जायचे. आम्हाला हौसेनं सिनेमाला आणणारा माणूस ऐन रंगात उठतो कसा, याचा मला रागच यायचा.

बाबा मास्तर. त्यांच्या डाव्या पोटरीवर एक खोल व्रण होता आणि चालताना ते तो पाय किंचित ओढायचे. तरुणपणी गावात दरोडा पडला तेव्हा गोळी लागली, एवढंच आईनं सांगितलं होतं. त्यांना काही विचारायचं नाही, हा तिचा दंडक. विचारू नको म्हटलं की माझं कुतूहल दुप्पट व्हायचं.

सत्तर सालानंतर बाबांची बदली जालन्याला झाली. आम्ही तिथल्या मस्तगड भागात राहायला आलो आणि मी कॉलेजात एनसीसीला नाव घातलं. बंदूक हातात मिळेल, हेच खरं कारण. आम्हाला शिकवायला फौजेतले हवालदार होते, मूळचे बदनापूरकडचे. त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. पालथं पडून पाच गोळ्या झाडायच्या आणि काडतुसांच्या पाचही रिकाम्या पुंगळ्या त्यांच्या टोपीत आणून टाकायच्या, असा नियम होता. एक जरी कमी भरली तरी मैदान सोडायचं नाही, कारण जाब त्यांना द्यावा लागे. माझा नेम चांगला होता. औरंगाबादच्या स्पर्धेसाठी निवडलेल्या चौघींत माझं नाव पहिलं होतं, आणि त्या नावापायी मी आठवडाभर हवेत होते.

थंडीतल्या एका सकाळी नेमबाजी झाल्यावर मी एक पुंगळी मोज्यात सरकवली. ती बाबांपुढे ठेवली तर ते बोलतील, असं मला वाटलं होतं. अक्कल गहाणच पडली होती म्हणायची.

पुंगळी कमी भरली. सगळ्या मुली गुडघ्यांवर बसून गवत चाचपू लागल्या. उस्तादही रांगत होते. त्यांचा उतरलेला चेहरा बघून मला लाज वाटली. मी ती हळूच गवतात टाकली आणि सापडली म्हणून ओरडले.

त्यांनी ती तळहातावर घेतली आणि मला बाजूला नेलं.

"समदं गवत दवानं भिजलंय पोरी. ही कोरडी कशी?"

मी सगळं सांगून टाकलं, बाबांच्या पायासकट. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि तरीही माझं नाव खोडलं. त्या संध्याकाळी तपासायच्या वह्या घेऊन बसलेल्या बाबांपुढे मी रडत रडत उभी राहिले. नाव का खोडलं ते सांगताना पुंगळी कशाला चोरली तेही सांगावं लागलं.

बाबांनी वही मिटली.

"आवाज आलाच न्हाई मला," ते म्हणाले. "चप्पल ओली लागली म्हणून खाली पाह्यलं. नवी चप्पल होती, तिचंच वाईट वाटलं आधी."

"आणि गोळी मारणारा?"

"त्याचे हात थरथरू राह्यले होते. तुझ्याच वयाचा होता."

 आजवर सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"कुणी विचारलंच न्हाई," बाबा म्हणाले.

आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

पुढच्या वर्षी उस्तादांनी मला पुन्हा घेतलं. औरंगाबादच्या स्पर्धेला बाबा आपणहून आले आणि मैदानाच्या कडेला बाकावर बसले. बाकामागेच चहाची टपरी होती. पाच गोळ्या झाडल्या, पुंगळ्या मोजून टोपीत टाकल्या आणि मगच मी मागे वळून पाहिलं. बाबा जागचे उठले नव्हते.