बाकांचे पाय

चार वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल कोंबणाऱ्या माणसाचा तितिलियाबाईंना मनापासून संताप यायचा. बेटावरच्या सावुसावू शहराजवळ, किनाऱ्यावरच्या एका गावात त्यांची बालवाडी होती. पोरांनी आधी वाळू उपसावी, शिंपले मांडावेत, भांडावं, गाणी गावीत. अक्षरं काही पळून जात नाहीत, असं त्या ज्याला त्याला सांगत.

राजधानी सुवाहून साइरुसी मास्तर शाळेचे हेडमास्तर होऊन आले आणि सगळंच फिरलं. पहिलीत मुलं कच्ची येतात, म्हणून बालवाडीतच गिरवून घ्यायचं ठरलं. वाळूच्या हौदावर पत्रे पडले. चौथीची जुनी बाकं ओळीने मांडली गेली. आईबाप खूश. बाईंनी समजावून पाहिलं, भांडून पाहिलं. मास्तर हसून म्हणाले, "बाई, तुम्ही पोरं शिकवता की नुसती राखता, ते एकदा ठरवा."

ते हसू बाईंच्या डोक्यातून गेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मेरेवाई बाकावरून पडली. दिवसभर गाणारी एवढीशी पोर, पाय जमिनीला टेकत नव्हते, गिरवता गिरवता घसरली. ओठ फुटला. रडण्याआधी तिने पेन्सिल उचलली आणि मार बसेल या भीतीने बाईंकडे पाहिलं.

बाईंचा तोल तिथेच सुटला. पोरीचा ओठ पुसून त्यांनी तिला आईकडे पोचवलं, येताना घरून करवत आणली आणि भर दुपारी शाळेच्या अंगणात एकेका बाकाचे पाय अर्ध्यावर कापले. मास्तर ओरडत राहिले. करवत थांबली नाही.

शाळेचं सामान म्हणजे गावाचं सामान. प्रकरण गावच्या प्रमुखांपुढे गेलं. नवरा एपारामा म्हणाला, "माफी माग आणि मोकळी हो. तुझा राग घरी ठेवून जा."

रीतीप्रमाणे बाई माफीसाठी द्यायची यांगोना झुडपाच्या मुळांची जुडी घेऊन सभेत गेल्या, चटईवर बसल्या, जुडी पुढे ठेवली. मग ठणकावून म्हणाल्या,

"लाकूड कापलं, त्याची माफी मागते. पोरांना खाली घेतलं, त्याची मागणार नाही. तुमच्या घाईपायी ती आत्तापासून मला घाबरायला लागलीत. याचा जाब मी कोणाला विचारू?"

प्रमुखांनी जुडीला हात लावून माफी स्वीकारली. पुढे ठेवलेली माफी नाकारायची तिथे पद्धत नाही. मग निवाडा झाला: पत्रे काढा, वाळू खुली करा, पण सकाळचं गिरवणं राहू द्या. मास्तरांनी मान डोलावली. आईबापांनीही.

बाहेर मेरेवाईच्या आईने बाईंना गाठलं. ती चांगली बाई होती, चुकलंमाकलं मनात ठेवणारी नव्हती. हळूच म्हणाली, "बाई, रागावू नका, पण माझी पोर स्वतःचं नाव कधी लिहायला लागेल?"

तितिलियाबाई इतक्या तरातरा निघाल्या की एपारामाला मागून पळावं लागलं. घरी कसाव्याचे कंद सोलताना सुरीचा आवाज शेजारपर्यंत जात होता आणि त्या दिवशी त्यांच्याशी बोलायची कोणाची हिंमत झाली नाही.