यादीत नसलेली वहिनी

कारखान्यात त्याला सगळे बरंराव म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं. शिफ्ट बदलली, 'बरं'. रजा नामंजूर झाली, 'बरं'. कॅन्टीनमधला चहा गार निघाला, तरी 'बरं'. आधी असा नव्हता हो तो! चांगला बोलघेवडा होता, साहेबाच्या चालण्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा. गेल्या तीन वर्षांत त्याच्या आतलं काहीतरी हळूहळू बंद पडलं. नेमकं कधी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

काम बाटल्या तपासायचं. पांढऱ्या उजेडाच्या पडद्यापुढे स्टुलावर बसायचं. पट्ट्यावरून काचेच्या बाटल्या सरकत येतात, जिला तडा दिसेल ती उचलून खालच्या पेटीत टाकायची. सकाळी सहा ते दुपारी दोन. सुटला की इकडे तिकडे न बघता तडक घरी, कारण घरी वहिनी होत्या आणि वहिनींना कंपवात होता.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा हा सहा वर्षांचा. वर्षभरात सासू गेली आणि हे शेंबडं पोर त्यांच्या पदरात पडलं. पण दीर तो दीर! त्या त्याला 'अहो भावोजी'च म्हणत. "भावोजी, नाक पुसा." "भावोजी, चड्डी उलटी घातलीत." गल्लीतल्या बायकांची हसून हसून पुरेवाट व्हायची. पुढे भाऊ गेला, मूलबाळ नव्हतं, याचंही लग्न राहूनच गेलं. घरात दोघंच उरली, आणि दोघंही एकमेकांना अहो-जाहो करत राहिली.

आता वहिनींचे हात थरथरायचे, आणि पाऊल उचलायला जावं तर ते जमिनीला चिकटल्यासारखं व्हायचं. सकाळी शेजारच्या शिवणवाल्या काकू आपलं मशीन यांच्याच खोलीत मांडून बसत. दुपारनंतर मात्र काकूंना दुकानात शिवायला जावं लागे. म्हणजे पहिली शिफ्ट होती तोवर सगळं जुळत होतं. तेवढ्यात फळ्यावर कागद लागला: यापुढे प्रत्येकाला आळीपाळीने दुसरी शिफ्ट, दुपारी दोन ते रात्री दहा.

कागदाच्या शेवटी एक ओळ होती. घरी आजारी किंवा म्हातारं माणूस असेल तर अर्ज करा, पहिली शिफ्ट कायम मिळेल. बरंरावाने अर्ज आणला. नात्याच्या रकान्यात चारच नाती छापली होती: आई, वडील, जोडीदार, मूल. एकावर खूण करायची.

"वहिनी कुठाय यात?" त्याने हेडक्लार्कला विचारलं.

हेडक्लार्कने चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला लहानाचं मोठं कोणी केलं?"

"वहिनींनी."

"मग करा की आईवर खूण! कोण येतंय बघायला?"

"बरं."

कारकून जेव्हा 'कोण येतंय' म्हणतो तेव्हा कोणीतरी हमखास येतं, हे या भल्या माणसाला कळू नये? गुरुवारी निरोप आला. शनिवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, कल्याण अधिकारी बाई घर बघायला येणार होत्या.

त्याने वहिनींना समजावलं. "त्या असतील तेवढा वेळ मला अरे-तुरे करायचं. आई करते तसं."

"अगबाई! तुम्हाला?"

"मला."

दोन दिवस सराव चालला. "अरे, इकडे या." "या नाही वहिनी, ये." "बरं, ये हो." काकू मशीन थांबवून हसत होत्या, वहिनीही हसल्या. त्यालाही हसू येईलसं वाटलं, पण आलं नाही.

अधिकारी बाई चांगल्या होत्या, उगाच नावं कशाला ठेवा. वेळेवर आल्या, वहिनींचा थरथरता हात हातात घेतला, मुलगा नीट बघतो ना, विचारलं.

"हो, फार करतो तो माझं," वहिनी म्हणाल्या. शाळेतली कविता म्हणावी तशा म्हणाल्या, पण म्हणाल्या.

औषधं बघून झाली, न्हाणीघरात भिंतीला बसवलेला दांडा बघून झाला. बाईंनी सहीसाठी पेन काढलं आणि त्यांना जोराचा ठसका लागला.

"अहो भावोजी, बघत काय बसलात? बाईंना पाणी द्या आधी!"

झालं! वहिनींचा हात आपोआप तोंडावर गेला. त्याने पाणी आणून दिलं. बाई ते शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"भावजय बसत नाही नियमात," त्या म्हणाल्या. "सही केली तर उद्या माझ्यावर येईल. तुम्ही खोटं लिहिलंत हे वर सांगत नाही, एवढंच माझ्या हातात आहे."

"बरं."

खरं तर ओरडायला हवं होतं त्याने. घर डोक्यावर घ्यायला हवं होतं! आई सहा-सात वर्षं पुरली आणि ही बाई चव्वेचाळीस वर्षं पुरली, हे कुठल्या रकान्यात भरू, असं विचारायला हवं होतं. त्याने आत चाचपून पाहिलं. राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं.

बाई गेल्यावर वहिनी खूप रडल्या. "माझं मेलं तोंडच असं!" त्याने त्यांना भरवलं, तोंड पुसलं.

"अरे, तूही जेवून घे ना आता," त्या म्हणाल्या. जराही न अडखळता.

"आता कशाला, वहिनी? त्या गेल्या."

"त्यांच्यासाठी नाही. एकदा म्हणून बघावंसं वाटलं."

आता आपल्याला काहीतरी होईल, असं त्याला वाटलं. झालं काहीच नाही. मग तो ताट घासायला घेऊन गेला.

सोमवारी दुपारी दीड वाजता त्याने पाणी, गोळ्या आणि बदलायचे कपडे वहिनींच्या हाताशी ठेवले. आतून कडी लावणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून त्याने ती बाहेरून लावली.

"भावोजी," आतून आवाज आला, "नीट लावलीत ना हो?"

त्याने दार ओढून पाहिलं. कडी नीट लागली होती.

"हो," तो म्हणाला आणि कामाला गेला.